वस्तऱ्याचे वजन

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह, सनदा आणि राजमुद्रा एवढेच डोळ्यांपुढे आणण्याची आपणास सवय आहे. त्या पंक्तीस न्हाव्याच्या धोकटीतील वस्तरा आणून बसवणे म्हणजे औचित्यभंग होय, असे कोणास वाटल्यास मी त्यास दोष देणार नाही. परंतु तलवार सामान्य मनुष्याच्या मानेपाशी जन्मात एखाद्या वेळी येणार, तीही आली तर; वस्तरा मात्र आपल्या वाडवडिलांच्या गळ्यावरून दर आठवड्यास फिरत असे. ज्या हत्याराखाली मनुष्य इतक्या विश्वासाने मान देतो, ते किती रुंद असावे, किती जड असावे, आणि ते जड होते ते हलके कसे झाले, हे विचारणे वावगे ठरू नये.

हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो कोणा ग्रंथामुळे नव्हे. मी लहान असताना आमच्या गावी पारावर बसून हजामत करणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांचा वस्तरा गावच्याच लोहाराने घडवलेला, आखूड, रुंद, आणि पाठीशी चांगला जाड असा होता. मुंबईस गिरणीत नोकरीस असलेले माझे मामा एकदा रजेवर आले असता त्यांनी आपला विलायती वस्तरा त्या कारागिरांस दाखवला. तो अरुंद होता, हलका होता, आणि नखाने टिचकी मारताच झणकारत होता. म्हाताऱ्याने तो उघडला, तळहातावर तोलून पाहिला, अंगठ्याच्या नखावर धार अजमावली, आणि मिटून परत केला. मी विचारले, "काका, हा चांगला नाही का?" ते म्हणाले, "चांगला आहे रे बाळ. पण हलक्याला दाबावं लागतं, जडाला आवरावं लागतं. माझ्या हाताला आवरायची सवय आहे."

पुढे मी शिक्षक झालो, मुलांस भूमिती शिकवू लागलो, आणि त्या निरक्षर कारागिराचे वाक्य किती नेमके होते हे मला हळूहळू उमगत गेले. आज मी त्या एका वाक्याचेच भाष्य करणार आहे असे म्हटले तरी चालेल.

प्रथम वस्तऱ्याची अंगे पाहू. पात्याची एक कड धारेची, तिच्या समोरची जाड कड म्हणजे पाठ. पात्याच्या मागे निमुळती दांडी, दांडीस वळलेले शेपूट, आणि पाते मिटून आत बसावे अशी शिंगाची, हाडाची किंवा हस्तिदंताची मूठ. धारेपासून पाठीपर्यंतचे अंतर ही पात्याची रुंदी होय. इंग्लंडातील कारखानदार ही रुंदी इंचाच्या आठव्या हिश्शांनी मोजत. आपले सुतारही इंचाच्या आठव्या हिश्शास सूत म्हणतात. तेव्हा आपल्या बोलीत सांगावयाचे तर चार सुतांपासून आठ सुतांपर्यंतची पाती निघत असत. पाच सुतांचे पाते म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, सहा सुतांचे म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर. दाढीसाठी ही दोन मापे सर्वांत अधिक चालली.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुंद आणि जड वस्तऱ्याची धार बोथट असते, अरुंद व हलक्याची तीक्ष्ण असते, असे पुष्कळांस वाटते. ते खरे नव्हे. चाकूस धार लावताना तो दगडावर किती कलता धरावा हे हाताने ठरवावे लागते. वस्तऱ्याचे तसे नाही. तो दगडावर आडवा निजवतात, म्हणजे त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडास टेकतात. येथे एक समद्विभुज त्रिकोण तयार होतो. पाठीची जाडी हा त्याचा पाया, पात्याच्या दोन बाजू या त्याच्या समान भुजा, आणि शिरोबिंदूवर धार. पाठीची जाडी रुंदीच्या दोन-सप्तमांश ठेवली, तर धारेचा कोन १६ अंशांच्या किंचित वर येतो. पाते पाच सुतांचे असो वा आठ सुतांचे असो, हे प्रमाण राखले की कोन तोच. धारेचा कोन लोहाराने पाठीतच भरून ठेवलेला असतो. न्हाव्यास तो मोजावा लागत नाही.

मग फरक पडतो तो कशात? तो वजनात पडतो, आणि फार मोठा पडतो. रुंदी वाढवली की त्याच प्रमाणात पाठही जाड करावी लागते. म्हणून भरीव पाचरीसारख्या पात्याचे वजन रुंदीच्या नव्हे, तर रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाचाचा वर्ग २५, सहाचा ३६. एका सुताने रुंदी वाढली की वजन शेकडा ४४ वाढले. पोलादाची घनता धरून हिशेब केला, तर ७० मिलिमीटर लांबीचे पाच सुतांचे भरीव पाते सुमारे २० ग्रॅम भरते, सहा सुतांचे २८ ग्रॅम, आणि आठ सुतांचे ५० ग्रॅमच्या घरात जाते. ज्या हातास २० ग्रॅमची सवय आहे त्याच्या हाती ५० ग्रॅमचे पाते दिले, तर तो हात काही दिवस तरी परकाच होणार.

हे वजन गालावर काय करते ते आता सांगतो. वस्तरा गालाशी सुमारे ३० अंशांचा कोन करून चालवतात. पाण्याने भिजून मऊ झालेला केससुद्धा पात्यास थोडासा अडवतोच. पाते जड असेल तर ते एकदा चालू लागले म्हणजे आपल्याच वेगाने केसांतून पार जाते. हाताने त्यास फक्त वळण द्यावयाचे असते. पाते हलके असेल तर प्रत्येक राठ केस त्यास धक्का देतो, पाते थरथरते, आणि मग मनुष्य नकळत हात दाबतो. धार दाबली गेली की ती केसाबरोबर कातडीतही शिरते. म्हणूनच काकांनी म्हटले की हलक्याला दाबावे लागते.

परंतु जडाचे दोषही तितकेच खरे आहेत. चालू लागलेले वजन ऐन वेळी थांबवणे सोपे नाही. हनुवटीच्या वळणावर आणि कंठमण्यावर नवशिक्याचा हात तेथेच चुकतो. शिवाय जाड पाते ताठ असते. ते कातडीच्या चढउताराबरोबर लवत नाही, आणि केसाला पाते लागल्याची खबर बोटांपर्यंत फारशी पोचू देत नाही. उलट आतून खोलगट घासलेले पातळ पाते किंचित लवते, आणि केस कापले जाताना जो बारीक आवाज करते, त्यावरून जाणत्या हातास कोठे राठ केस आहेत, कोठे धार मंदावली आहे, हे कळत राहते. रुंदीचेही असेच आहे. रुंद पात्यावर साबणाचा फेस पुष्कळ मावतो आणि गालाचे सपाट मैदान दोन फटकाऱ्यांत साफ होते. परंतु नाकाखालच्या चिंचोळ्या जागी रुंद पाते स्वतःच्याच आड येते. तेथे चार-पाच सुतांचे अरुंद पातेच सरस ठरते. एकंदरीत पाहता, कोणता वस्तरा चांगला याचे उत्तर नुसत्या वस्तऱ्यात सापडत नाही. ते हात, केस आणि जागा ह्या तिघांच्या मेळात सापडते.

इतके यंत्रशास्त्र पुरे. आता इतिहासाकडे वळू. प्रारंभी सर्वच वस्तरे जड आणि पाचरीसारखे का होते? त्याचे कारण मुख्यतः पोलादात होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत दिवसेंदिवस तापवून त्यांचे पोलाद करीत. कार्बन बाहेरून आत शिरत असल्यामुळे ते पोलाद वरून कठीण, आतून नरम, असे विषम असे. अशा धातूचे पाते फार पातळ घासले, तर कोठे धार टिके, कोठे दुमडे. पाठीमागे भरपूर धातू ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

ह्या अडचणीतून वाट काढली ती एका घड्याळजीने. डॉनकॅस्टर येथील बेंजामिन हंट्समन यास घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी एकजीव पोलाद हवे होते. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत सिद्ध केली. मौज अशी की शेफील्डच्या कारागिरांनी हे पोलाद फार कठीण म्हणून आरंभी नाकारले, आणि हंट्समनने ते फ्रान्समध्ये विकले. फ्रेंच माल सरस ठरू लागला तेव्हा शेफील्डचे डोळे उघडले. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत जगातील उत्तम वस्तऱ्यांवर ओतीव पोलादाचा छाप अभिमानाने मारला जात होता.

फ्रान्सचे नाव आले म्हणून तेथील एका मनुष्याची आठवण केली पाहिजे. पॅरिसमधील झां-झाक पेरे ह्या शस्त्रकाराने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी ह्यावर एक पुस्तक लिहिले. वस्तऱ्याच्या पात्यास लाकडाची झड लावून धारेचा थोडाच भाग बाहेर ठेवण्याची युक्तीही त्याचीच. जो हात वजन आवरण्यास शिकलेला नाही, त्यास आवरणारे काहीतरी हत्यारातच बसवावे, हा विचार तेथे प्रथम स्पष्ट दिसतो. त्याचे फळ पुढे सुमारे सव्वाशे वर्षांनी आले.

ह्याच काळात आपल्या देशाचा, आणि विशेषतः मुंबईचा, ह्या कथेशी संबंध येतो. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे एका देशी पोलादाचे नमुने पाठवले. युरोपात त्यास वूट्झ म्हणू लागले. कानडीतील उक्कू ह्या शब्दाचा हा अपभ्रंश असावा असे मानतात. १७९५ मध्ये डॉ. जॉर्ज पिअर्सन यांनी ह्या पोलादाच्या परीक्षेचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि त्याच्या मथळ्यात हे पोलाद मुंबईस तयार होते असेच लिहिले. वास्तविक ते म्हैसूर, सेलम व तेलंगण ह्या प्रांतांतील भट्ट्यांत, बंद मुशीतच, शतकानुशतके तयार होत आले होते. म्हणजे हंट्समनने ज्या रीतीचा शोध लावला, तिची एक भगिनी दक्षिण हिंदुस्थानात कितीतरी आधीपासून नांदत होती.

हे वूट्झ पिअर्सनसाठी घडवून पाहिले ते जेम्स स्टोडार्ट ह्या लंडनच्या कारागिराने. शस्त्रक्रियेची हत्यारे व वस्तरे करणे हा त्याचा धंदा. तो ह्या पोलादावर इतका लुब्ध झाला की, युरोपातील उत्तमोत्तम पोलादापेक्षा आपण हिंदुस्थानचे वूट्झ पसंत करतो, असे त्याने आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर छापून टाकले. पुढे मायकेल फॅरडे यांनी ह्याच स्टोडार्टबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. हे दोघांचे निबंध १८२० आणि १८२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगाचा आरंभ वूट्झचे रहस्य उकलण्यापासून झाला, आणि त्यात रुपे, प्लॅटिनम, ऱ्होडियम अशा धातूंची मिश्रणे करून पाहण्यात आली. त्यांतील काही पोलादाचे वस्तरे फॅरडे आपल्या मित्रांस भेट देत असत. विजेच्या शास्त्राचा एवढा मोठा आचार्य तारुण्यात वस्तऱ्याच्या पोलादापाशी बसला होता, हे मी वर्गात सांगत असे तेव्हा मुलांचे डोळे विस्फारत. पाचशे भाग पोलादात एक भाग रुपे घातल्यास गुण येतो असे त्यांस आढळले. त्यानंतर शेफील्डच्या कितीएक कारखान्यांनी आपल्या पात्यांवर रुपेरी पोलाद असा शिक्का मारण्यास प्रारंभ केला, मग आत रुपे असो वा नसो.

पोलाद एकजीव झाले, विश्वासू झाले. आता ते पातळ करण्यास हरकत राहिली नाही. त्या काळच्या वस्तऱ्याच्या अंगातही फरक होत गेले. अठराव्या शतकातील वस्तऱ्याची शेपटी आखूड असे. एकोणिसाव्यात ती लांबून वळली, आणि करंगळीस टेकण्यास जागा मिळाली. पुढे झुकणारे पाते मागून तोलण्याची ही सोय होती. परंतु वजन खरोखर कमी झाले ते पाते दोन्ही बाजूंनी खोलगट घासण्याच्या कलेमुळे.

ह्या घासण्यातही भूमिती आहे. पाते फिरत्या चाकावर धरले की चाकाच्या परिघाएवढाच बाक पात्यावर उमटतो. चाक मोठे तर बाक उथळ, चाक लहान तर बाक खोल. पात्याचा १२ मिलिमीटर रुंदीचा भाग ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर घासला तर खोली मिलिमीटरचा आठवा हिस्साही भरत नाही. तोच ५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर घासला तर खोली सहापट, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जवळ जाते. दोन्ही बाजूंनी एवढे पोलाद निघून गेले म्हणजे पाठ जाड राहते, धारेचा कोन तोच राहतो, आणि मधला भाग मात्र कागदासारखा होतो. मामांचा वस्तरा टिचकी मारताच का झणकारत होता, हे मला ह्या हिशेबाने समजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या खोलगट पात्यांत जर्मनीतील सोलिंगेन गावाने मोठे नाव मिळवले. त्या नावाची इतकी पत होती की १९३८ मध्ये जर्मनीत त्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला.

श्रोतेहो, येथे मी क्षणभर थांबतो. पात्यातून पोलाद निघून गेले, हे मी सहज बोलून गेलो. ते गेले कोठे? ते धूळ होऊन गेले, आणि ती धूळ कोणाच्या तरी छातीत गेली. शेफील्डच्या नद्यांच्या काठी, आणि पुढे वाफेच्या गिरण्यांत, घासकाम करणारे शिकलगार चाकावर ओणवे बसून दिवसभर काम करीत. दगडाची आणि पोलादाची बारीक भुकटी त्यांच्या श्वासावाटे आत जाई. तेथील डॉ. आर्नल्ड नाइट यांनी ह्या रोगाचे निरीक्षण केले होते, आणि फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ मध्ये इंग्लंडच्या मजुरांवरील आपल्या ग्रंथात ते उद्धृत केले. कोरड्या दगडावर घासणारे कारागीर जेमतेम पस्तिशी गाठत. वस्तरे घासणारे, ज्यांचे काम काही कोरडे व काही ओले असे, ते चाळीस ते पंचेचाळीस वर्षांच्या दरम्यान मरत. गिऱ्हाइकाच्या हातातील वस्तऱ्याचे वजन काही ग्रॅमांनी उतरले, त्याची ही किंमत होती. गालावर हलकेपणा जाणवणाऱ्या सद्गृहस्थास ती दिसण्याचा संभव नव्हता.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. वर्षाकाठी धान्याच्या रूपाने त्यास मोबदला मिळे. त्याचा देशी वस्तरा जड व पाचरीसारखा असण्यास कारणे होती. एक तर साबण नसे. वाटीतील पाणी बोटांनी चोळूनच केस मऊ करावयाचे, आणि असे केस कापण्यास वजनाची मदत लागे. दुसरे, एकाच वस्तऱ्याने दाढी आणि डोके दोन्ही करावयाचे. जावळ, मुंज, सुतक, प्रत्येक प्रसंगी मुंडन आलेच. डोक्याचा घुमट मोठा व सलग असल्यामुळे तेथे रुंद व जड पाते सुखाने फिरते. तिसरे कारण काटकसरीचे. दर वेळी दगडावर पाते थोडे झिजते, पण त्याबरोबर पाठही झिजते, म्हणून कोन फारसा बिघडत नाही. रुंद पाते बापाकडून मुलाकडे जाई आणि अरुंद होत होत नातवाच्या हातीही काम देई.

ह्या वस्तऱ्याचे आणखी एक वजन होते, ते तराजूत न भरणारे. विधवा स्त्रियांचे केशवपन करण्याचे काम ह्याच वस्तऱ्याकडे येत असे. रडणाऱ्या मुलीच्या डोक्यावर तो चालवताना कारागिराच्या हातास काय वाटत असेल, हे त्यास कोणी विचारले नव्हते. १८९० मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक मंडळी एकत्र जमली, आणि हे काम आपण करणार नाही असे त्यांनी ठरवले. विद्वानांच्या वादविवादांत वर्षानुवर्षे घोळत असलेला प्रश्न ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांनी हत्यार खाली ठेवून आपल्यापुरता सोडवला. वस्तऱ्याच्या इतिहासात मला ह्याहून थोर प्रसंग दिसत नाही. जडाला आवरणे म्हणतात ते हेच.

यानंतर पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, किंग कँप जिलेट ह्या अमेरिकन फिरत्या विक्रेत्यास एक कल्पना सुचली. पाठ, रुंदी, वजन हे सर्व कशासाठी? कापते ती केवळ धार. तेव्हा पत्र्यासारख्या पातळ पोलादास धार लावावी, ती एका झडपेत अडकवावी, आणि बोथट झाली की फेकून द्यावी. इतक्या पातळ पोलादास पाणी देणे अशक्य आहे असे जाणकार सांगत होते; विल्यम निकरसन ह्या यंत्रज्ञाने ते शक्य करून दाखवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ वस्तरे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्याच वर्षी वस्तऱ्यांचा आकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख वस्तरे व ३ कोटी २० लाख पाती घेतली. सैनिक घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन. पेरेचे स्वप्न असे साकार झाले. मात्र न्हाव्याच्या खुर्चीवरील गर्दी ओसरू लागली.

आपल्याकडील केशकर्तनालयांतही पुढे हेच पातळ पाते शिरले. आज कारागीर मुठीच्या वस्तऱ्यासारख्या दिसणाऱ्या सांगाड्यात अर्धे पाते बसवतो आणि गिऱ्हाइकागणिक ते बदलतो. ह्यात वाईट काहीच नाही. कावीळ आणि एड्स यांसारखे रक्तावाटे पसरणारे रोग ठाऊक झाल्यावर एकच पाते दहा गळ्यांवरून फिरवणे हा अपराधच ठरला असता. मी स्वतः न्हाव्याकडे गेलो म्हणजे नवे पाते डोळ्यांसमोर काढावयास सांगतो. जुन्या वस्तऱ्यासाठी अश्रू ढाळण्याचा माझा हेतू नाही.

पण हिशेब पुरा केला पाहिजे. साडेचार मिलिमीटरच्या पाठीच्या जागी आता सुमारे एक-दशांश मिलिमीटर जाडीचा पत्रा आला. पात्यातील वजन जवळजवळ शून्यावर आले. न्हाव्याचा दगड गेला, चामड्याचा पट्टा गेला, आणि धार लावण्याची विद्याही गेली. तो आता दुसऱ्याने केलेली धार विकत आणून वापरतो. वजन मात्र नाहीसे झाले नाही. ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. शेफील्डमध्ये ते शिकलगाराच्या छातीवर जाऊन बसले होते. आज ते कोठे बसले आहे, ते मी पाहिले आहे.

मी शाळेत असताना मुले पेन्सिलीस टोक करण्यासाठी रस्त्यावर पडलेली अर्धी पाती दप्तरातून आणीत. महिन्यातून दोन-तीन तरी बोटांस मला पट्टी बांधावी लागे. एकदा एका मुलाने कापलेले बोट लपवून धरले. विचारता त्याने सांगितले की पाते त्याचे नव्हते. त्याची आई कचरा वेचण्यास जात असे, तिच्या तळहातात ते रुतले होते, आणि ते काढताना ह्याचेही बोट कापले. "आई म्हणाली, फेकू नको, पेन्सिलीला होईल." मी त्याच्या बोटास औषध लावले आणि पाते टेबलाच्या खणात ठेवले. त्या दिवशी मी जे शिकवावयाचे ठरवले होते ते मला शिकवता आले नाही.

जुना वस्तरा कोणी उकिरड्यावर फेकीत नसे. त्याचे वजनच सांगे की ही जपण्याची वस्तू आहे. मिटावे, पुसावे, धोकटीत ठेवावे. आजच्या पात्यास वजन नाही, म्हणून ते टाकताना हातास काहीच जाणवत नाही, आणि मनासही नाही. जे टाकताना आपणास जाणवत नाही, ते उचलताना दुसऱ्यास जाणवते.

म्हणून श्रोतेहो, भाषणाच्या शेवटी माझी एक साधी विनंती आहे. घरी एखादा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, त्याच्या झाकणास पाते जाईल एवढी चीर पाडा, आणि वापरलेले प्रत्येक पाते त्यात टाका. डबा भरण्यास पुष्कळ दिवस लागतील. भरला की चिकटपट्टीने बंद करून, आत पाती आहेत असे वर मोठ्या अक्षरांत लिहून, कचरा नेणाऱ्या माणसाच्या हाती वेगळा द्या. आपल्या कारागिराच्या दुकानातही असा डबा आहे की नाही ते विचारा. नसल्यास पुढच्या खेपेस एक घेऊन जा. आमच्या गावचे ते काका आज असते तर त्यांनी हेच सांगितले असते. हत्यार हलके झाले, म्हणून ते आवरण्याचे आपले काम काही सुटलेले नाही.